टाकी फुल केली की पिकअप आयडलला थरथरते: टाकी उतरवायची का?

प्रश्न विचारणारे दादा नारायणगावचे. पेट्रोलवरचा छोटा हत्ती, २०२१चं मॉडेल, दोन सिलिंडर, ६८ हजार किलोमीटर. रोज रात्री टोमॅटोचे क्रेट भरून पुण्याच्या मार्केट यार्डात आणि सकाळी रिकामी गाडी परत. तीन आठवड्यांपासून गाडी आयडलला, म्हणजे उभी राहून इंजिन चालू असताना, थरथरते, सिग्नलला दोनदा बंदही पडली. रेस दिली की काही तक्रार नाही. ‘टाकी फुल केल्यावर जास्त होतं’, असं त्यांनी लिहिलंय. त्यांचा मेकॅनिक म्हणतो, ई२० म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं वाट लावली, टाकी उतरवून साफ करू आणि गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप बदलू. मेहुणा म्हणतो, भारीतलं पेट्रोल टाक, आपोआप सुटेल.

दादा, टाकी उतरवू नका. निदान इतक्यात नको. तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवत नाही, पेट्रोल खराब निघतं हे खरंच आहे आणि आयडलवर ते सगळ्यात आधी दिसतं हेही खरं. पण माझ्याकडे ‘पेट्रोल खराब’ म्हणून आलेल्या दहा गाड्यांत पेट्रोल खरोखर दोषी निघालं अशा एखाद-दोनच. बाकीच्यांत हवा, ठिणगी नाहीतर एखादी पाच पैशांची नळी. पेट्रोलवर आळ घेणं सोपं जातं, कारण ते दिसत नाही आणि उलटून बोलत नाही.

आयडललाच का जाणवतं, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं लागेल. तुमचं इंजिन उभ्या गाडीत नऊशेच्या आसपास आरपीएमवर फिरतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे दोन्ही मिळून मिनिटाला नऊशे वेळा पेट्रोल मारलं जातं. एवढं लहान इंजिन उभ्या-उभ्या तासाला अंदाजे अर्धा लिटर पितं. हिशोब करा: एका वेळी जे पेट्रोल आत जातं ते एका थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. इंजेक्टर उघडतो दोन-तीन मिलिसेकंद आणि लगेच बंद. एवढ्याशा मापात थोडी जरी गडबड झाली, थोडं पाणी आलं, इंजेक्टरच्या तोंडाशी थोडा चिकटा बसला, की तो एक ठोका फुकट जातो. गाडी साठच्या वेगात असेल तर पेट्रोल कितीतरी जास्त जात असतं आणि फ्लायव्हीललाही जोर असतो, एखादा ठोका चुकला तर कळतसुद्धा नाही. त्यात तुमचे सिलिंडर दोनच. चार सिलिंडरच्या गाडीत एक चुकला की तिघं सांभाळून घेतात. इथे एक चुकला की अर्धं इंजिन गेलं. केबिन हलते, आरसा हलतो, माणूस घाबरतो.

म्हणून ‘रेस दिली की बरी चालते’ या एका लक्षणावरून काहीच ठरत नाही. पेट्रोल खराब असो, प्लग मेलेला असो की हवा गळत असो, रेस दिल्यावर सगळ्यांचंच झाकलं जातं.

आता पेट्रोल खरंच खराब असतं तेव्हा काय दिसतं ते बघा. दोन पावसाळ्यांमागे सकाळी सकाळी एक पिकअप टोचन करून माझ्याकडे आणली. पेट्रोल भरलं आणि जेमतेम सहा-सात किलोमीटरवर बंद. मी गाडीतल्या पंपाकडून येणारा पाइप काढला, त्या पंपाला थेट करंट दिला आणि पेट्रोल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घेतलं. पहिल्यांदा नुसतं गढूळ दिसलं. बाटली बाकावर ठेवून चहा घेऊन आलो, तोवर तळाशी दोन बोटं वेगळा थर बसलेला. बाटली हलवली की मिसळल्यासारखा वाटायचा आणि मिनिटाभरात पुन्हा खाली. त्यात जिलेबीला घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाकला. वरचं पेट्रोल होतं तसंच राहिलं आणि खालचा थर लाल झाला. संध्याकाळपर्यंत त्याच पंपावर भरलेल्या आणखी एक रिक्षा आणि तीन मोटारसायकली आल्या. पंपाचं नाव घेत नाही. पावसाचं पाणी जमिनीतल्या टाकीत उतरलं होतं.

खाली बसलेलं ते नुसतं पाणी नव्हतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ पेट्रोलपेक्षा जास्त. थोडं पाणी आलं तर इथेनॉल ते पोटात घेतं, गाडीला कळत नाही. मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाला बसतं. आणि आपला पंप ओढतो तळातूनच. म्हणजे टाकी अर्धी पेट्रोलनं भरलेली असून इंजिनाला मिळतं इथेनॉल आणि पाणी. अशी गाडी आयडलला तर बंद पडतेच, पण चढावरही झटके देते, सेल्फ मारमारून बॅटरी बसते. त्या गाडीची टाकी मी उतरवली, आणि ती उतरवायलाच हवी होती.

तुमचं तसं नाही. तुमची गाडी खंबाटकी नाही तरी खेड घाट भरल्या वजनानं चढतेय. शिवाय साधा हिशोब करा: रोज जाऊन-येऊन दीडशे-एकशे साठ किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ लिटर. तीन आठवड्यांत तुमच्या टाकीतलं पेट्रोल पाच-सहा वेळा बदलून गेलं. पाणी आलं असतं तर एक तर गाडी केव्हाच बसली असती, नाहीतर ते जळून निघून गेलं असतं. तरी बाटलीत नमुना घ्याच, त्याला खर्च नाही. इंजिन गार असताना, बिडी-सिगारेट लांब ठेवून, पाइपातलं प्रेशर आधी उतरवून. आणि दोन-तीन वेळा वेगळ्या पंपावर भरून पाहा.

आता ई२०. याबद्दल लोक दोन्ही बाजूंनी टोकाचं बोलतात. ई२० म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल. फेब्रुवारी २०२३मध्ये ते निवडक पंपांवर सुरू झालं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. तुमची २०२१ची गाडी दहा टक्के इथेनॉल धरून बनवलेली. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९. दहा टक्क्यांवरून वीसवर गेलात तर तेवढ्याच हवेला साधारण ४ टक्के जास्त पेट्रोल मारावं लागतं. हे काम तुमच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून आपोआप करतो, आणि त्याच्याकडे दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत मोकळीक असते. चार टक्क्यांनी त्याच्या कपाळावर आठीही पडत नाही. ॲव्हरेज कमी होणार, ते मान्य. पण गरम इंजिन आयडलला बंद पडावं इतका फरक निव्वळ ई२०नं होत नाही.

दोन ठिकाणी मात्र ई२० त्रास देतं, ते लपवत नाही. एक, थंडीतला पहिला मिनिट. पेट्रोलमध्ये लवकर उडणारे हलके घटक असतात, इथेनॉल ७८ अंशांवर उकळतं आणि वाफ व्हायला भरपूर उष्णता मागतं. जुन्नरकडच्या डिसेंबरातल्या पहाटे पहिल्या सेल्फला इंजिन थोडं अडखळलं आणि मग सरळ झालं तर त्याची चिंता करू नका. दुसरं, इथेनॉल जुना चिकटा आणि गंज सोडवतं. वर्षानुवर्षं टाकीत बसलेला गाळ सुटून फिल्टरला जातो. पण फिल्टर चोंदला तर गाडी आधी चढावर, भरल्या वजनात मार खाते, कारण तिथे पेट्रोल जास्त लागतं. उभ्या गाडीला चोंदलेला फिल्टरसुद्धा पुरतो. तुमचं नेमकं उलटं आहे.

इथेनॉल किती आहे ते घरीही ढोबळ मोजता येतं. १०० मिलीचं मापाचं नळकांडं घ्या, ८० मिली पेट्रोल, २० मिली पाणी. झाकून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर २० वरून ३४-३६पर्यंत चढला तर वीस टक्के बरोबर. ४५च्या पुढे गेला तर मात्र पंपावर जाऊन विचारायला हरकत नाही.

मेहुण्याच्या भारी पेट्रोलबद्दल थोडक्यात. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल आपोआप भडकू नये याची ताकद. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास बंद, आत हवा कमी, दाब कमी, असं आपोआप भडकण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, प्रश्नच नाही. तिथे ९५ काय आणि १०० काय, इंजिनाला सारखंच. भारी पेट्रोलमध्ये इंजेक्टर साफ ठेवणारं रसायन असतं, त्याचा उपयोग होतो; पण तो चार-पाच टाक्यांनंतर आणि इंजेक्टर मुळात घाण असतील तर. मेलेल्या प्लगवर त्याचा काही इलाज नाही.

भेसळीचं रॉकेल पूर्वी नेहमीची गोष्ट होती. मी शिकाऊ असताना तीनचाकी टेम्पोच्या धुरावरून उस्ताद सांगायचा, ‘याला रेशनचं पाजलंय.’ रेशनचं निळं रॉकेल आता जवळपास दिसेनासं झालं आणि ती भेसळही कमी झाली. शंका आलीच तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाला द्यायची त्यांच्यावर सक्ती आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका. चांगलं पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं, रॉकेल असेल तर तेलकट डाग मागे राहतो. घनता मोजून मागायचाही तुम्हाला हक्क आहे. १५ अंशांना बसवलेला आकडा त्यांच्या नोंदीपेक्षा ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त इकडे-तिकडे गेला तर भांडा. पण एक लक्षात ठेवा, इथेनॉल जास्त असलं की घनता तशीही वाढते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ‘रॉकेल आहे’ असं ओरडत सुटू नका.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण हा प्रश्न तेही हमखास विचारतात. बाय-फ्युएल, म्हणजे सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणाऱ्या, पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी अनेकदा आणीबाणीपुरती, पाच लिटरची. त्यात चार-सहा महिन्यांपूर्वीचं पेट्रोल पडून असतं. हलके घटक उडून गेलेले, उरलेल्याचा चिकटा व्हायला लागलेला. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि तीच दोन मिनिटं थरथरते. यांचं औषध सोपं: महिन्यातून एकदा गाडी पेट्रोलवर चालवून टाकी संपवा आणि ताजं भरा. आणि यांना एक सोय फुकट मिळते, जिचा मला हेवा वाटतो. थरथरणारी गाडी सीएनजीवर टाकायची. सरळ झाली तर दोष पेट्रोलच्या बाजूचा. दोन्हीवर थरथरली तर पेट्रोलचा विषय संपला, प्लग-कॉइल-हवा बघा. फक्त सीएनजीवर थरथरली तर पहिला हात प्लगला, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते.

तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून दुसरी युक्ती. ईसीएमला स्कॅनर लावून मिसफायर, म्हणजे फुकट गेलेला ठोका, कोणत्या सिलिंडरवर मोजला जातोय ते पाहा. पी०३०१ (एक नंबर सिलिंडर) किंवा पी०३०२ (दोन नंबर) यांपैकी एकच कोड येत असेल तर पेट्रोल जवळजवळ निर्दोष सुटलं. एकाच टोपातली आमटी दोन ताटांत वाढली आणि एकाच ताटात खारट लागली तर आमटीला दोष देता येत नाही. एक नंबरचा प्लग दोनला आणि दोनचा एकला घाला. मिसफायर प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला सरकलं तर प्लग बदला आणि घरी जा. नाही सरकलं तर तशीच अदलाबदल इंजेक्टरची.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे) तो आकडा, बघताना एका खड्ड्यात भलेभले पडतात. ट्रिम अधिक १५ किंवा १८ दिसलं की ‘पेट्रोल पातळ आहे, पाणी आहे’ असा निकाल लागतो. पण ज्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही त्यातली हवा न जळता, ऑक्सिजनसकट सायलेन्सरला जाते. सेन्सर बिचारा ऑक्सिजन पाहतो आणि पेट्रोल कमी पडतंय असं समजून आणखी मारायला लावतो. म्हणजे मेलेला प्लगसुद्धा स्कॅनरवर पातळ पेट्रोलासारखाच दिसतो. म्हणून आधी मिसफायर सोडवा, मग ट्रिम वाचा. मिसफायर नसताना ट्रिम आयडललाही अधिक आणि अडीच हजार आरपीएमलाही तेवढंच अधिक असेल, तेव्हा पेट्रोलवर किंवा त्याच्या प्रेशरवर शंका घ्यायला जागा आहे.

हवा गळण्याचं लक्षणही या छोट्या गाड्यांत थोडं वेगळं. यांत बहुतेक वेळा हवा मोजणारा मीटर नसतो, मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. नळी फाटली की दाब बदलतो, ईसीएम त्या हिशोबानं पेट्रोलही वाढवतो, त्यामुळे ट्रिम फारसं हलत नाही. आयडल मात्र बाराशेवर चढतं, मग खाली येतं, पुन्हा चढतं. आमच्याकडे त्याला ‘गाडी डोलते’ म्हणतात. एका फूलवाल्यानं अशा डोलणाऱ्या गाडीसाठी तीन वेगळ्या पेट्रोल पंपांवर भरून पाहिलं, दोन हजारांच्या औषधाच्या बाटल्या टाकीत ओतल्या. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेला नेणारी, नळी क्लॅम्पखाली चिरलेली होती. वरून दिसत नव्हती, बोट फिरवलं तेव्हा नखाला लागली.

आता तुमचं ते वाक्य, ‘टाकी फुल केल्यावर जास्त होतं’. बीएस६ पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ बाहेर सोडत नाहीत. ती कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह ती थोडी थोडी इंजिनात सोडतो. आता पंपावर काय होतं ते आठवा. नोझल कट होतं. मग ‘राउंड फिगर करू का?’ आणि आपण मान डोलावतो. पोऱ्या टकटक करत आणखी लिटरभर कोंबतो. टाकीत वाफेसाठी सोडलेली मोकळी जागा पेट्रोलनं भरते आणि वाफेच्या नळीतून थेट पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं. पुढचे पन्नास-साठ किलोमीटर तो डबा इंजिनाला न मागितलेलं पेट्रोल पाजत राहतो. त्यात पर्ज व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर आयडललाही पाजतो, जिथे थेंबाच्या पाचव्या हिस्स्याचा हिशोब आहे. इंजिन तुंबतं, थरथरतं, बंद पडतं. टाकी फुल केल्यावर सेल्फही जास्त मारावा लागतो का, आणि त्या वेळी पेट्रोलचा वास येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर माझी शंका पक्की समजा. आणि गंमत अशी की माणसाला वाटतं, भरलं तेव्हापासून सुरू झालं, म्हणजे भरलेलंच खराब.

तपासायला दहा मिनिटं लागतात. टाकी फुल करा, गाडी थरथरू दे. पर्ज व्हॉल्व्हपासून इनटेक मॅनिफोल्डला जाणारी बारीक नळी शोधा, फडकं गुंडाळून पकडीनं हलकेच दाबून धरा. अर्ध्या मिनिटात आयडल बसलं तर चोर सापडला. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा, त्याची करंटची वायर जोडू नका, स्वच्छ पंपानं किंवा ब्लोअरनं हवा मारून पाहा. करंट नसताना तो बंदच असायला हवा, हवा आरपार गेली तर बदला. स्कॅनरवर अशा वेळी ट्रिम उणे दिसेल, पाण्याच्या पेट्रोलाच्या बरोबर उलट. व्हॉल्व्ह बदलल्यावर कॅनिस्टर हलवून पाहा. जड लागला किंवा आतलं पेट्रोल हिंदकळलं तर तोही बदलावा लागेल, तो वाळवून चालवायचा उद्योग मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा गाडी महिन्याभरात परत आली.

नळी दाबून काहीच फरक पडला नाही तर प्लगची अदलाबदल. त्यानंही नाही पटलं तर थ्रॉटल बॉडी उघडून पाकळीच्या कडेला बसलेला काळा थर साफ करा आणि स्कॅनरनं आयडल पुन्हा शिकवा. तो थर पेट्रोलमुळे येत नाही, ब्रीदरच्या तेलकट वाफेनं येतो. ६८ हजारांवर तो असणारच. मग फ्युएल प्रेशर. आणि एवढं सगळं झाल्यावर टाकी.

आज रात्री पेट्रोल भरायला जाल तेव्हा नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायला सांगा, आकडा कितीही वेडावाकडा असू दे. तीन-चार दिवस असंच भरा. आणि नळी दाबल्यावर काय झालं तेवढं कळवा, सोबत काढलेल्या दोन्ही प्लगच्या टोकांचा फोटो, कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून.